पिरॅमिडचा पाया नेमका संपतो कुठे?

डिसेंबर १८८०. सत्तावीस वर्षांचा एक इंग्रज तरुण इजिप्तमध्ये गिझाला येतो आणि खडकात कोरलेल्या एका रिकाम्या थडग्यात बिऱ्हाड मांडतो. हा फ्लिंडर्स पेट्री. शाळेत गेलेला नाही, पदवी नाही. मोजणी शिकला ती वडिलांकडून.

तो आला खुफू या प्राचीन राजाचा पिरॅमिड मोजायला. त्या काळी पियाझी स्मिथ या नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की हा पिरॅमिड दैवी मापानं बांधलाय आणि पायाच्या बाजूतून वर्षाचे दिवस निघतात. हिशेब जुळायला बाजू हवी सुमारे ९१४० इंच. पेट्री तेराव्या वर्षी हे वाचून भारावला होता, वडिलांचा तर त्यावर पक्का विश्वास. म्हणजे तो सिद्धांत मोडायला आलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

पिरॅमिडच्या कोपऱ्यांशी खडकात उथळ खाचा आहेत. आधीची माणसं या खाचांमधलं अंतर मोजायची. पेट्रीनं विचारलं, खाच म्हणजेच पायाची कड कशावरून? खाचा आहेत फरसबंदीच्या खाली. भिंत उतरती आहे, ती जितकी खाली न्याल तितकी बाहेर सरकणार. मग खरी कड तीच, जिथे बाहेरच्या आवरणाचे दगड फरशीला टेकतात. त्यातले बहुतेक दगड फार पूर्वीच उचलून नेलेले. पण बाजूंच्या मध्याजवळ, ढिगाऱ्याखाली, काही जागेवर होते. त्यानं तिथे खणलं, थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावून सगळं पठार त्रिकोणांत बांधलं आणि त्यांवरून अंतरं काढली. मला तर या एका प्रश्नासाठी पेट्री मोठा वाटतो.

आणि तो एकटा नव्हता. सोबत होता तिथलाच अली गाब्री, आधी स्मिथकडेही काम केलेला, पिरॅमिडची खडान्‌खडा माहिती असलेला.

बाजूची सरासरी आली सुमारे ९०६९ इंच, म्हणजे २३०.३५ मीटर. स्मिथच्या आकड्याहून जवळजवळ सहा फूट कमी! वडिलांची श्रद्धा एकीकडे, आकडे दुसरीकडे. १८८३ साली त्यानं आकडे जसेच्या तसे छापले.

त्याच मोजणीत आवरणाच्या दगडांमधले सांधे सरासरी अर्धा मिलिमीटर भरले. उत्तरेच्या बाजूला त्यातले काही दगड अजून आहेत. गिझाला गेलात तर शिखराकडे बघण्याआधी तिथे वाका आणि तो सांधा शोधून बघा.