रिकामी खोली

(पाऊस. कातळावरून उतरणारं पाणी.)

आषाढ लागला की बोरिवलीच्या जंगलातला कान्हेरीचा डोंगर वाहू लागतो. कातळात कोरलेले हे बारीक पाट बघा. यांतून पाणी थेट लेण्याशेजारच्या टाक्यात उतरतं. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. इथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत, आणि बहुतेकांना आपापली पोढी आहे.

पाण्याची एवढी काळजी, कारण इथे मुक्काम असायचा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंची चारिका, म्हणजे गावोगावची पायी भटकंती, थांबायची. एकाच जागी राहण्याचा वर्षावास सुरू व्हायचा.

(ओसरीतून आत.)

आत या. ओसरी संपली की ही खोली. एक दार, भिंतीला लागून दगडी ओटा. मूर्ती नाही, नक्षी नाही. तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो काढून लोक या खोल्यांवरून पुढे निघून जातात. आपण इथेच थांबू. हा डोंगर पोखरला, तो या रिकाम्या खोल्यांसाठी.

सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे ध्यानावरच्या पाली उपदेशात, बुद्ध साधनेच्या जागा सांगतात: अरण्य, झाडाचा बुंधा, किंवा 'सुञ्ञागार', म्हणजे रिकामं घर. तिथे भिक्खू मांडी घालतो, पाठ ताठ ठेवतो, आणि श्वासाकडे लक्ष देतो. लांब श्वास घेताना त्याला कळतं, हा लांब आहे. आखूड घेताना कळतं, हा आखूड आहे. श्वास रोखायचा नाही, मोजायचा नाही, सुधारायचा नाही. सुत्तात उपमा दिलीय ती कातार्‍याची, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराची. कातायची दोरी लांब ओढली की कसबी कातार्‍याला ते ठाऊक असतं, आखूड ओढली तरी ठाऊक असतं. नुसत्या शिकाऊ पोराला सुद्धा. किती घरगुती उपमा आहे ही!

(ओट्यावर ओल. पाण्याचा थेंब.)

मग लक्ष संवेदनांकडे वळतं. गुडघा ठणकतो. ठणका वाढतो, सरकतो, विरतो. 'अनिच्च', सगळं बदलतं, हे ज्याला तोंडपाठ आहे त्यालाही ते गुडघ्यातून कळावं लागतं. आज ध्यान म्हणजे ताण घालवायचा उपाय, असं सर्रास सांगितलं जातं. इथे बसणारा भिक्खू आधी शील पाळत होता: हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही. त्या पायावर समाधी, म्हणजे चित्ताची एकाग्रता, आणि समाधी कशासाठी, तर प्रज्ञेसाठी, गोष्टी जशा आहेत तशा कळण्यासाठी. मधली एकच पायरी उचलून घरी नेता येत नाही.

(ब्राह्मी अक्षरं, जवळून.)

या अक्षरांत कल्याण, सोपारा, नाशिक ही गावं आहेत. तिथल्या व्यापाऱ्यांनी, उपासक-उपासिकांनी, भिक्खुणींनीही दान दिलं. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी. कुणी रक्कम कायमची गुंतवून ठेवली, तिला 'अक्षयनीवी' म्हणत. तिच्या व्याजातून वर्षावासातल्या भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळायचं. एका माणसाने गप्प बसावं म्हणून अख्ख्या बाजारपेठा खर्च करत होत्या.

हजारेक वर्षांनी ही वस्ती उठली. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वंदनेला येणारी पावलं पुन्हा वाढली.

(बाहेरचा दगडी बाक. पांढऱ्या साडीतल्या आजी.)

या बाकावर आजी बसल्यात. डोळे मिटलेले. खालून सहलीला आलेल्या मुलांचा गलका येतोय, पागोळ्या गळताहेत.

आता निवेदन थांबतं. एक मिनिट फक्त पाऊस ऐकू या.