सप्टेंबरातले तीन शनिवार: छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलचे निकाल कसे वाचायचे

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे अमेरिकन फुटबॉलबद्दल. टीव्हीवर दिसणाऱ्या लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमबद्दल मात्र नाही. विषय आहे एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, डिव्हिजन 3 चा. सुमारे 240 कॉलेजांच्या टीम्स या विभागात खेळतात आणि इथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. पोरं सकाळी लेक्चरला, दुपारी लॅबमध्ये आणि संध्याकाळी मैदानावर असतात.

मराठी घरांना यातली बरीच नावं पाठ आहेत, फक्त ती वेगळ्या कारणाने. एमआयटी, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, जॉन्स हॉपकिन्स, आरपीआय, डब्ल्यूपीआय. आपली मुलं तिथे एमएस करायला जातात. या सगळ्यांच्या फुटबॉल टीम्स डिव्हिजन 3 मधल्या आहेत, हे कित्येकांना तिथे वर्ष काढूनही कळलेलं नसतं. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोही इथेच खेळते. 1935 साली हाइझमन करंडकाचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाचा, पहिला मानकरी ठरलेला जे बर्वँगर या शिकागोचाच खेळाडू. पुढे 1939 मध्ये विद्यापीठाने टीमच बंद करून टाकली आणि 1969 मध्ये ती परत उभी राहिली. शिकागोचे जुने कोच एमोस अलोन्झो स्टॅग यांच्या नावानेच डिव्हिजन 3 ची फायनल ओळखली जाते. तिला स्टॅग बोल म्हणतात आणि ती 1973 पासून होते आहे.

सीझन सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो. नियमित सामने बहुतेक टीम्सचे दहाच. त्यामुळे तिसरा शनिवार उलटला की सीझनचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपलेला असतो, आणि पार्किंगमध्ये ग्रिल पेटवून बसलेल्या पालकांचे, माजी विद्यार्थ्यांचे वाद रंगात आलेले असतात. एक म्हणतो, आम्ही 52-0 ने जिंकलो. दुसरा विचारतो, कुणाविरुद्ध? या एका प्रश्नात निम्मा विषय आला.

डिव्हिजन 3 मधल्या टीम्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेल्या आहेत आणि बहुतेक सामने कॉन्फरन्सच्या आतच होतात. कॉन्फरन्समध्ये दहा टीम्स असतील तर नऊ सामने आपसांत आणि बाहेरचा फक्त एक. विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांच्या कॉन्फरन्समध्ये आठ टीम्स आहेत, म्हणून त्यांना बाहेरचे तीन सामने मिळतात. हे बाहेरचे सामने जवळपास सगळे सप्टेंबरात. म्हणजे ओहायोची टीम टेक्सासच्या टीमपेक्षा भारी की हलकी, हे नोव्हेंबरात ठरवायचं असेल तर हातात पुरावा असतो तो या दोन-तीन शनिवारांचा. पुढचे दोन महिने सगळे आपापल्या अंगणात खेळणार. म्हणून सप्टेंबरातला वाद निव्वळ टाइमपास नसतो. पूर्वेकडच्या विल्यम्स, ॲमहर्स्ट, ट्रिनिटी वगैरे कॉलेजांच्या नेस्कॅक कॉन्फरन्सचा प्रकार अजून निराळा. 2017 पासून ते नऊ सामने खेळतात आणि नऊच्या नऊ आपसांत. बाहेरचा एकही नाही. त्यांची टीम देशात कितवी, यावर रात्रभर बोलता येतं आणि मैदानावरचा पुरावा शून्य!

आता 52-0 कडे येऊ. रणजीच्या प्लेट गटात ठोकलेलं द्विशतक जसं दहा मार्क कापून वाचायचं, तसाच हा स्कोअर वाचायचा. पहिल्या हाफनंतर किती होता, ते आधी बघा. हाफटाइमला 42-0 आणि शेवटी 52-0 असेल तर कोचने तिसऱ्या फळीची पोरं उतरवली होती, हे उघड आहे. उरलेले दहा पॉइंट्स त्या पोरांचे. उलट हाफटाइमला 14-0 आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये 24 पॉइंट्स आले असतील, तर तुमची टीम भारी होती त्यापेक्षा समोरची टीम दमली होती असं समजा. एकतर्फी सामन्यात दोन्ही कोच आणि रेफरी यांच्या संमतीने उरलेले क्वार्टर छोटे करता येतात, तेही लक्षात असू द्या.

दमण्याचं कारण पटसंख्येत आहे. शिष्यवृत्ती नाही म्हणून शिष्यवृत्तीची मर्यादाही नाही. काही कॉलेजांच्या यादीत सव्वाशे-दीडशे नावं असतात, तर काहींच्या यादीत जेमतेम पन्नास. पन्नासवाल्यांकडे डिफेन्स, म्हणजे बचाव, खेळणारी पोरंच किकऑफला, म्हणजे बॉल मारून खेळ सुरू होतो तेव्हा, धावतात. समोरच्याने पंट केला, म्हणजे लाथेने बॉल लांब उडवून दिला, की तो परत आणणाऱ्यासाठी तीच ब्लॉक करतात. सप्टेंबरात दुपारी एकचा सामना आणि तीस डिग्री ऊन असेल तर तिसऱ्या क्वार्टरपासून पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात. 2019 मध्ये आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने तीन सामन्यांनंतर उरलेला सीझन सोडून दिला. दुखापतींमुळे खेळण्याजोगे 28 खेळाडूच उरले होते. हे टोकाचं उदाहरण झालं, पण पट लहान असलेल्या टीमचा पहिल्या शनिवारचा चांगला निकाल मी तरी जपूनच घेतो. ऑक्टोबरात त्यातले किती उभे राहतात, ते बघायचं.

स्कोअरनंतर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यातल्या सगळ्या आकड्यांचा तक्ता. तो कॉलेजच्या साइटवर संध्याकाळपर्यंत येतो. समजा, निकाल 31-10 आहे. जिंकलेल्या टीमचे यार्ड, म्हणजे बॉल पुढे नेलेलं अंतर, 240 आणि हरलेल्या टीमचे 330. मग 31 आले कुठून? टचडाउन म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाला नेणं, त्यानंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटच्या किकसह सात पॉइंट्स. फील्ड गोल म्हणजे खांबांमधून किक, तीन पॉइंट्स. एक टचडाउन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याचा झेललेला पास, परत आणून, एक पंट परत आणून, आणखी एक टचडाउन व एक फील्ड गोल समोरच्याने आपल्याच 20 यार्डांच्या आत फंबल केल्यामुळे, म्हणजे बॉल हातातून सुटल्यामुळे. म्हणजे 24 पॉइंट्स हरणाऱ्यांनी भेट दिलेले, आणि ऑफेन्सने, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणाऱ्या फळीने, लांबून चालत येऊन कमावलेले फक्त सात. अशी टीम पुढच्या शनिवारी बॉल जपणाऱ्या टीमसमोर आली की आपटते, आणि पाठीराखे म्हणतात, अचानक काय झालं? अचानक काहीच झालेलं नसतं.

फंबलचा आकडा वाचताना एक काळजी घ्या. दोन आकडे असतात, किती वेळा बॉल सुटला आणि त्यातला किती वेळा गमावला. लांबट बॉल जमिनीवर कसा उडेल ते कुणाच्याच हातात नसतं. पाच वेळा सुटला आणि एकदाही गमावला नाही, तर ते नशीब. पाच वेळा का सुटला, हा खरा प्रश्न. बहुधा सेंटर, म्हणजे खेळ सुरू करताना बॉल मागे देणारा, नवा असतो आणि तो बॉल घेऊन चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅकशी त्याचा हात बसलेला नसतो.

धावून काढलेल्या यार्डांतही एक मेख आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं, की ते गमावलेले यार्ड रशिंगमधून, म्हणजे धावण्याच्या हिशेबातून, वजा करतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते पासिंगमधून जातात. समजा, रनिंग बॅक्सनी, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्यांनी, 30 वेळा धावून 120 यार्ड काढले, सरासरी 4. क्वार्टरबॅक पाच वेळा पकडला गेला आणि 38 यार्ड गेले. कागदावर येतं 35 वेळा 82 यार्ड, सरासरी 2.3. बघणारा म्हणतो, यांना धावता येत नाही. खरा आजार पास ब्लॉकिंगचा, म्हणजे पास फेकेपर्यंत क्वार्टरबॅकला राखण्याचा, असतो. तेव्हा सॅक बाजूला काढून मग भागाकार करा.

आणि जुन्या वर्षाशी तुलना करणार असाल तर घड्याळाचा बदललेला नियम विसरू नका. दहा यार्ड पुढे जायला टीमला चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा फर्स्ट डाउन. पूर्वी प्रत्येक फर्स्ट डाउननंतर घड्याळ थांबायचं. आता हाफची शेवटची दोन मिनिटं सोडली तर ते थांबत नाही. वरच्या विभागांत हा नियम 2023 मध्ये आला, डिव्हिजन 3 ला 2024 पर्यंत सवलत होती. त्यामुळे एका सामन्यातली प्लेची, म्हणजे एकेका चालीची, संख्या घटते. एकूण यार्ड कमी दिसले म्हणून ऑफेन्सला नावं ठेवण्याआधी प्रत्येक प्लेमागे किती यार्ड, ते काढा.

पेनल्टींचीही फोड करून बघावी लागते. फॉल्स स्टार्टचे, म्हणजे वेळेआधी हलल्याचे, पाच-पाच यार्ड सरावाने सुटतात. होल्डिंगचे दहा-दहा यार्ड वारंवार जात असतील तर पुढच्या रांगेतल्या लाइनमनचे पाय कमी पडताहेत आणि म्हणून तो हाताने धरतोय. ते तीन आठवड्यांत सुटत नाही.

सप्टेंबरात सगळ्यात जास्त घात होतो तो किकिंगमध्ये. एक्स्ट्रा पॉइंट म्हणजे फुकटचा एक, असं आपण धरून चालतो. पण स्नॅप म्हणजे बॉल मागे देणं, तो जमिनीवर धरणं आणि किक, हे सगळं साधारण 1.3 सेकंदांत व्हावं लागतं. धरणारा बहुतेक वेळा राखीव क्वार्टरबॅक किंवा पंटर असतो. जुना स्नॅपर पदवी घेऊन गेलेला असतो. पंटचं अंतर तर आणखी मोठं. बॉल पंधरा यार्ड मागे जायचा, आणि स्नॅपपासून पंटरचा पाय लागेपर्यंत दोन सेकंदांच्या थोडं पुढे गेलं की कडेने येणारा माणूस हात घालतो. ऑगस्टमधले सरावाचे आठवडे मोजकेच. सुरुवातीचे दिवस नुसतं हेल्मेट घालून, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण साज. एवढ्यात ऑफेन्स-डिफेन्स बसवताना किकिंगच्या वाट्याला दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं येतात.

एका पॉइंटची किंमत किती, ते 2012 मध्ये विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला कळलं. 2009, 2010 आणि 2011, लागोपाठ तीन वर्षं ही टीम एकही सामना न हरता चॅम्पियन झाली होती. सलग 46 विजय. सीझनच्या दुसऱ्याच सामन्यात न्यूयॉर्कच्या बफेलो स्टेटने त्यांना 7-6 ने हरवलं. तेव्हा अनेकांना तो अपघात वाटला असेल. पण 46 सामने जिंकणाऱ्या टीमने अख्ख्या सामन्यात फक्त सहा पॉइंट्स केले, ही बातमी पराभवापेक्षा मोठी होती. त्या वर्षी ते सात विजय, तीन पराभवांवर थांबले आणि प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियन ठरवणारी बाद फेरीही हुकली. पुढची दोन वर्षं, 2013 आणि 2014, पुन्हा तेच चॅम्पियन. याच्या उलट ओहायोच्या माउंट युनियनचं 2005 साल. ऑक्टोबरात ओहायो नॉर्दर्नकडून हरले आणि तरीही शेवटी स्टॅग बोल जिंकला. तेव्हा हरलात हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कसे हरलात हेही.

आता निवडीचं गणित. 2024 पासून प्लेऑफमध्ये 32 ऐवजी 40 टीम्स घेतात. पात्र कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जागा मिळते. उरलेल्या जागांसाठी एनपीआय नावाचा निर्देशांक वापरतात. प्रत्येक सामन्याचा एक आकडा निघतो, त्यात तुमचा निकाल असतो आणि प्रतिस्पर्ध्याचा स्वतःचा एनपीआय. सगळ्यांची सरासरी म्हणजे तुमचा एनपीआय. किती पॉइंट्सनी जिंकलात, याला या हिशेबात जागा नाही. 52-0 आणि 7-6 सारखेच. ठरावीक किमान विजय झाल्यानंतर, ज्या विजयामुळे सरासरी खाली येते तो विजय वगळतात. म्हणून दुबळ्या टीमला हरवल्याचं फार नुकसान नाही, पण फायदाही नाही. डिव्हिजन 3 बाहेरच्या टीमशी खेळलात तर तो सामना यात धरतच नाहीत.

यातून एक गमतीशीर सवय लागते. सप्टेंबरात ज्यांना हरवलं, त्यांच्यासाठी ऑक्टोबरात टाळ्या वाजवायच्या. ते जिंकत गेले की तुमचा जुना विजय वधारतो. ज्यांच्याकडून हरलात ते जिंकत गेले तरी तुमची हार सौम्य होते. त्यामुळे जाणता पाठीराखा शनिवारी रात्री आपल्या निकालाबरोबर आणखी दोन-तीन निकाल बघतो. टॉप 25 च्या क्रमवारीवर मात्र फार रक्त आटवू नका. सुरुवातीची क्रमवारी बरीचशी गेल्या वर्षाच्या आठवणीवर चालते, आणि जिंकत राहणाऱ्या टीमला सहसा कुणी खाली ढकलत नाही.

मग चौथ्या शनिवारी काय बघायचं? कॉन्फरन्सचे सामने सुरू झालेले असतात आणि समोरच्या कोचकडे तुमच्या तीन सामन्यांचं चित्रीकरण असतं. पहिल्या सामन्यात चाललेली चाल इथे ओळखली जाते. पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये, म्हणजे बॉल हाती आल्यावरच्या चढायांत, टीम झकास खेळली आणि पुढे तीन-तीन प्ले करून पंट करत राहिली, तर समजा की कोचने लिहून आणलेल्या चाली संपल्या आणि मैदानावर सुधारणा जमत नाहीये. थर्ड डाउनचे आकडेही याच सुमारास बोलू लागतात. 14 पैकी 3 वेळाच यश असं दिसलं तर थर्ड डाउनला दोष देऊ नका. फर्स्ट डाउनला दोन-दोन यार्डच मिळत असतील, तर थर्ड डाउनला सात-आठ यार्ड उरणारच.

ज्यांची मुलं या कॉलेजांत आहेत, त्यांच्यासाठी वेळेचा हिशेब सांगतो. बहुतेक कॉलेजं घरच्या मैदानावरचे सामने इंटरनेटवर दाखवतात. पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेदहाला लागतो. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, इलिनॉयकडचा एकचा सामना साडेअकराला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे त्यानंतरच्या शनिवारी दोन्ही वेळांत एकेक तास वाढवा.