घोळणा फुटला, तिथून सुरुवात झाली

सकाळचे सहा वाजलेत, बेसिनपाशी अप्पा उभे आहेत, मान खाली आणि हातातला पांढरा टॉवेल अर्धा लाल. आई म्हणाली घोळणा फुटलाय, उष्णता झालीये. मग आपल्याकडे घरोघरी जे होतं तेच झालं, कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर गार पाणी थापलं, दोन दिवस सब्जा आणि गुलकंद. थांबला. आठ दिवसांनी परत फुटला.

अप्पा म्हणजे माझे वडील, तेव्हा 71 वर्षांचे, सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. वर्षभर थकवा होता, जिना चढताना दम लागायचा, तळपायाला मुंग्या यायच्या, पेपर वाचताना अक्षरं पुसट दिसायची. आणि प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकच उत्तर होतं, वय झालं आता. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते पण हेच म्हणाले, ईएसआर (नळीत लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी तपासणी) 120 आला होता, हिमोग्लोबिन 8.6, आणि हातात दिल्या आयर्नच्या गोळ्या. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या एका कागदावर सगळं लिहिलेलं होतं, वाचलं कोणीच नाही, आम्ही पण नाही.

पकडलं कोणी, तर डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी. मोतीबिंदू असेल म्हणून घेऊन गेलो होतो. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, आत बघितलं आणि एकदम गप्पच झाल्या. मग मला मॉनिटरवर फोटो दाखवला. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मध्येच फुगलेल्या, मध्येच आवळलेल्या, अगदी चवळीच्या शेंगेसारख्या, आणि आजूबाजूला रक्ताचे बारीक ठिपके. म्हणाल्या, हा डोळ्याचा आजार नाहीये, यांचं रक्त घट्ट झालंय, आजच्या आज हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, गाठा. निदान झालं वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया, रक्ताचा एक दुर्मीळ, सावकाश चालणारा कॅन्सर.

रक्त घट्ट होतं म्हणजे नेमकं काय होतं?

अँटिबॉडी हा शब्द कोविडनंतर सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातली आयजीएम नावाची अँटिबॉडी इन्फेक्शन झालं की सगळ्यात आधी धावून येते आणि आकाराने सगळ्यात थोराड असते, पाच जणांनी हात धरून रिंगण केल्यासारखी. या आजारात बोन मॅरोमधली एक पेशी बिघडते, तिच्यापासून तशाच पेशी हळूहळू वाढत जातात आणि त्या सगळ्या मिळून एकच एक आयजीएम बनवत सुटतात, गरज असो नसो. मग रक्तातलं जे पाणी, म्हणजे प्लाझ्मा, ते पाण्यासारखं राहत नाही, पाक होतो. पाक बारीक नळीतून कसा जाईल? नाक, हिरड्या, डोळे, मेंदू, जिथे जिथे रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक आहेत तिथे तक्रार सुरू होते.

अप्पा ड्युटीवरून आले की चामड्याची बॅग पलंगावर रिकामी करायचे आणि नाण्यांच्या चळती लावायचे. मायक्रोस्कोपखाली त्यांच्या रक्ताची स्लाइड बघितली तेव्हा मला तेच आठवलं, लाल पेशी एकमेकींना चिकटून चळती झाल्या होत्या. सुट्टी पेशी सावकाश खाली बसते, चळत पटकन बसते, म्हणून ईएसआर एवढा वाढतो.

वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया हे नाव उच्चारायला आम्हालाच महिना लागला. यान वाल्डेनस्ट्रॉम हे स्वीडनचे डॉक्टर. 1944 साली त्यांनी दोन पेशंटबद्दल लिहिलं, दोघांच्या नाकातोंडातून रक्त यायचं, ईएसआर प्रचंड, पण हाडांचे एक्सरे साफ, म्हणजे मायलोमा, हाडं पोखरणारा रक्ताचा कॅन्सर, म्हणावं तर तो पण नाही. सुदैवाने स्वीडनमधल्याच उप्साला शहरात अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं, रक्तातले रेणू अतिवेगाने फिरवून वेगळे करणारं यंत्र, आणि त्यात दिसलं की यांच्या रक्तात एक अवाढव्य प्रोटीन आहे.

जगाच्या कानावर हा आजार गेला तो फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पोम्पिदू यांच्यामुळे. 1973 मध्ये आइसलँडला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटायला ते विमानातून उतरले तेव्हा सुजलेला चेहरा सगळ्यांनी पाहिला, पण जाहीर काय होत होतं, तर फ्लू झालाय. 2 एप्रिल 1974 ला ते पदावर असतानाच गेले, 62 वर्षांचे होते. तेव्हा औषधं फारशी नव्हतीच हो.

आता तसं नाहीये, आणि हा व्हिडिओ करायचं कारणही तेच आहे. आजार दुर्मीळच, युरोप-अमेरिकेत दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण तीन पेशंट, बहुतेक साठी-सत्तरीचे, पुरुष जास्त. 2012 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की दहातल्या नऊ पेशंटमध्ये एमवायडी88 या जीनमध्ये एकाच अक्षराची चूक असते. त्या चुकीमुळे पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा निरोप जात राहतो, आणि तो निरोप वाटेत अडवणारी इब्रुटिनिब नावाची गोळी 2015 मध्ये अमेरिकेत खास या आजारासाठी मंजूर झाली, पुढे झानुब्रुटिनिब आली.

अप्पांचं आयजीएम साडेसहा हजारांच्या वर होतं, नॉर्मल जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास. नातेवाईक म्हणत होते हिमोग्लोबिन कमी आहे, रक्ताच्या बाटल्या चढवा. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आत्ता नको, आधीच पाक झालाय, त्यात अजून पेशी ओतल्या तर अजून घट्ट होईल. आधी प्लाझ्माफेरेसिस केलं. एका हातातून रक्त मशिनमध्ये जातं, प्लाझ्मा वेगळा होतो, पेशी परत दुसऱ्या हातात. ती पिवळी पिशवी मी हातात घेऊन बघितली, आतलं हलवलं तर सावकाश सरकत होतं. आयजीएम बहुतेक रक्तवाहिन्यांमध्येच राहते, म्हणून एका-दोन वेळातच आकडा चांगला उतरतो. दुसऱ्या प्रक्रियेनंतर संध्याकाळी अप्पांनी पेपर मागितला आणि चष्मा पुसत राशिभविष्य वाचून दाखवलं. आई बाहेर जाऊन रडली.

पण यंत्र कारखाना बंद करत नाही, फक्त माल उचलून नेतं, काही आठवड्यांत आकडा परत चढतो. म्हणून मग त्या बिघडलेल्या पेशी मारणारी दोन औषधं, बेंडामुस्टिन आणि रिटुक्सिमॅब, दर चार आठवड्यांनी. रिटुक्सिमॅबने सुरुवातीला आयजीएम उलट वाढू शकतं, म्हणून ते मुद्दाम थोडं थांबून दिलं.

आणि नंतर आली ती खरी अवघड गोष्ट. डॉक्टर म्हणाले, आता औषध बंद, तीन महिन्यांनी भेटा. आजार पूर्ण गेला का? नाही. मग औषध बंद का? कारण तो सावकाश चालतो, त्रास नसताना औषध दिलं तर आयुष्य वाढत नाही, साइड इफेक्ट मात्र होतात. काही जणांना तर निदानानंतर वर्षानुवर्षं काहीच द्यावं लागत नाही, बरेच जण शेवटी दुसऱ्याच कारणाने जातात. आमच्या काकांना हे पटेना, कॅन्सर आहे आणि गोळी नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, मुंबईला दाखवा. मुंबईलाही तेच सांगितलं. लक्ष ठेवणं हीच ट्रीटमेंट, आणि लक्ष ठेवणं म्हणजे घरच्यांना ठरलेल्या खुणा माहीत असणं, नाकातून रक्त, धूसर दिसणं, डोकेदुखी, रात्री घामाने कपडे ओले होणं, कारण नसताना वजन उतरणं, बधिर पाय.

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते. दर तीन महिन्यांनी त्याच चौकोनात अप्पा स्वतः, कंडक्टरच्या बारीक अक्षरात, आयजीएमचा आकडा लिहितात. फेब्रुवारीत 610, मेमध्ये 640. ऑगस्टचा चौकोन अजून रिकामा आहे, मंगळवारी रक्त द्यायला जायचंय.