घागरीवरचं नाव

(दृश्य : पहाट. परसातली चूल. केळीचं पान धुणारे हात.)

आज भाद्रपद वद्य नवमी. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेलेल्या बायकांचा दिवस. माझी आजी अहेव गेली, म्हणून तिच्या नावानं पान मांडलंय. खीर, वडे, गवारीची भाजी, शेजारी हिरव्या बांगड्या.

पणजीचं पान मात्र आज नसतं. तिशीच्या आतच तिचं कुंकू पुसलं गेलं. पणजोबांच्या म्हाळाला तिचं नाव घेतात, तेही सासरचं. माहेरचं नाव लग्नातच बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून. ते तांदूळ मागाहून शिजलेही असतील.

तिचं माहेर चंदगडकडचं. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं उचगाव मागं टाकलं की शिनोळी लागते, तिथून पुढं. तिला इकडं दिली तेव्हा चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. चंदगड तेवढा वगळला आणि कोल्हापूरला जोडला. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या.

सीमाप्रश्न निघाला की आमच्या घरचे पुरुष अजून रात्र जागवतात. मोर्चे, लाठ्या, तुरुंग, सगळं सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पण एकेकाळी पंचमीला मुराळ्याची वाट बघितलेल्या त्या बाईला त्या साली काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. मला तिचे हात आठवतात. मोकळी मनगटं, त्यांवरचं हिरवट गोंदण.

(दृश्य : माळ्यावरून उतरवलेली तांब्याची घागर.)

ही तिच्या लग्नातली घागर. काल आत्त्यानं चिंच लावून घासली, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. पुढचं गावाचं नाव कमरेला घासून घासून गेलंय. मागचं तेवढं राहिलंय.

"आज्जीचं नाव हे व्हय गे?" आत्त्या विचारते. तिचं वय सत्तरीचं. तिच्या आज्जीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, कुशीत झोपून वाढलेली. हे नाव ती पहिल्यांदाच वाचतेय.

ती ते दोनदा मोठ्यानं वाचते. मग आजीच्या पानाशेजारी दुसरं पान मांडते. खीर वाढते, वडे ठेवते. हातात बांगड्या घेऊन थोडा वेळ तशीच बसून राहते.

मग ठेवते.