फिटर पाहिजे

(शटरवरची पाटी. सकाळची वेळ, गल्लीत अजून गाड्या कमी.)

पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगात दोनच शब्द. फिटर पाहिजे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरलं की अशा पाट्या गल्लीगल्लीत दिसतात. ही गेल्या पावसाळ्याआधी लावली होती. रंग उडाला, तेव्हा पुन्हा दिला. माणसं येतात, बोलून जातात, पाटी जागेवरच.

आत बारा माणसांची टूलरूम आहे. इथे प्रेस टूल तयार होतात, म्हणजे पत्रा कापायचे, वाकवायचे, त्याला भोकं पाडायचे साचे. दाराची बिजागरी, मोटरपंपाचं झाकण, कुकरच्या हँडलमधली पट्टी. या वस्तू ज्यातून हजारांनी निघतात, ती डाय इथे जुळवली जाते. जुळवणारा तो बेंच फिटर. त्याच्यासमोर लाकडी बेंच, बेंचवर जॉब पकडायचा वाइस, हातात कानस. एवढंच.

(वाइसचे जबडे. त्यावर पडलेला उन्हाचा कवडसा.)

आज एकाची ट्रायल आहे.

मुलगा गडहिंग्लजकडचा. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड झालेला, मग एक वर्ष अप्रेंटिस, मग तीन ठिकाणी कंत्राटावर. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं. मालकांनी पिशवी घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली. म्हणाले, "डबा आणलाय न्हवं? मग चल बेंचवर. आजची हजेरी लागंल, जॉब जमू दे न्हाईतर न जमू दे."

या एका वाक्यासाठी आम्ही या माहितीपटाला हे शॉप निवडलं. ट्रायलच्या नावाखाली दिवसभर राबवून घ्यायचं आणि संध्याकाळी "कळवतो" म्हणायचं, हा प्रकार कारागिरांना पाठ आहे. दिवसाचा रोज बुडतो, येण्याजाण्याचं भाडं वर. चांगल्या हाताचा माणूस अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाही. हजेरी लागणार म्हटल्यावर त्याचं चित्त जॉबवर राहतं, आणि मालकाला त्याचा खरा हात दिसतो.

जॉब देणार आहेत मेस्त्री. वय अडुसष्ट. त्यांनी कपाटातून एमएसचे, म्हणजे साध्या मऊ पोलादाचे, दोन तुकडे काढले, दहा मिलिमीटर जाडीचे. कागदावर पेन्सिलीने आकृती काढली. एका तुकड्यात चौकोनी खाच, दुसऱ्याला तशीच चौकोनी जीभ. मेल-फिमेल. जीभ खाचेत बसली पाहिजे, पलटून घातली तरी बसली पाहिजे आणि उजेडाकडे धरल्यावर मधून प्रकाश येता कामा नये. वेळ संध्याकाळी पाचपर्यंत.

(मुलगा वाइससमोर उभा राहतो. कोपर वाकवून जबड्यावर टेकवतो.)

इथे बघा. त्याने अजून कानसही उचललेली नाही. आधी वाइससमोर उभा राहिला, हात वाकवला आणि कोपर जबड्यापर्यंत येतं का पाहिलं. वाइसचा माथा कोपराच्या पातळीला असावा लागतो. वर असला तर खांदा उचलून घासावं लागतं, खाली असला तर कंबर धरते, आणि दोन्हीत कानस सरळ जात नाही. हा वाइस त्याला चार बोटं उंच. त्याने इकडंतिकडं पाहिलं, भंगाराच्या ढिगातून एक फळी ओढली, पायाखाली घेतली, हलते का बघितलं आणि मग कामाला लागला.

मेस्त्री खुर्चीवर बसून चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत. मालकांकडे मात्र त्यांनी एकदा पाहिलं.

(हॅक्सॉ. मग कानस. हा भाग आवाजासकट राहू द्यावा.)

आधी रफ कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना हलकी. दाबही सारखा नसतो. सुरुवातीला पुढच्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मागच्या हाताचा. हे चुकलं की कानस झोका खाते, कडा खाली जातात आणि मधे फुगवटा राहतो. मेस्त्री त्याला म्हणतात, "जॉबला पोट आलं." पोट आलेला जॉब नुसत्या डोळ्याला सपाट दिसतो. राइट अँगल, म्हणजे काटकोन्या, लावला की कळतं.

मग खडू. शाळेतला साधा खडू कानशीच्या दात्यांवर चोळायचा. लोखंडाचा कीस दात्यांत अडकत नाही आणि जॉबवर ओरखडे पडत नाहीत. हे या मुलाला कुणी शिकवलं, आम्ही विचारलं. म्हणाला, "आयटीआयच्या सरांनी. पैल्या सा महिन्यात नुस्तं घासायलाच लावलंय."

दोन कडा काटकोनात आल्या. आता मार्किंग. बाटलीत निळं पाणी आहे, ते मोरचुदाचं. पोलादावर फडक्याने फिरवलं की तांब्याचा पातळ थर चढतो, तांबूस. त्यावर स्क्रायबरने रेघ ओढली की केसासारखी बारीक, चमकणारी दिसते. पंचने ठिपके मारायचे. खाचेच्या जागी ओळीने भोकं पाडायची, मधला तुकडा छिन्नीने उडवायचा. आता पुन्हा कानस, यावेळी बारीक दात्यांची सेकंड कट, मग त्याहून बारीक स्मूथ.

(मोरचुदावर ओढली जाणारी रेघ. चौकट भरून.)

गेटच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलेला हा जुना लोखंडी नांगर. मालकांच्या आजोबांच्या शेतावरचा. त्याच्याशिवाय ही गल्ली समजत नाही.

१८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवायलाच कितीतरी वर्षं गेली होती. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. नांगराने माळ फुटला, ऊस आला. उसाला पाणी लागलं, पाण्याला पंप, पंपाला ऑइल इंजिन. इंजिन बंद पडलं की ते दुरुस्त करणारा माणूस लागला. गावातल्या लोहार-सुतारांच्या घरची पोरं कोल्हापुरात आली, दुसऱ्याचं इंजिन उघडून शिकली, मग सुटे भाग करू लागली, मग पुरं इंजिनच. उद्यमनगर असं वाढलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहती. फाउंड्र्या आल्या, मशीन शॉप आले.

त्या काळात माणूस घ्यायची रीत सरळ होती. पोरगं मेस्त्रीच्या हाताखाली राहायचं. आधी झाडलोट, मग कीस गोळा करणं, मग कानस. केव्हा हात बसला हे मेस्त्री ठरवायचा. या पद्धतीत अन्यायही होता, वर्षानुवर्षं फुकट राबणारी पोरंही होती. स्वतंत्र भारताने म्हणूनच शिकण्याला नियमात बांधलं. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, त्यातून आयटीआय. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, विद्यावेतन ठरलं. आज तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. बारा माणसांच्या शॉपला ती सक्ती नाही. तरी हे मालक दरवर्षी दोघांना घेतात.

(संगणकावर चालणारं सीएनसी मशीन. पडद्यावरचे आकडे. मग वायरकटची तार.)

मशीन आल्यावर फिटर कशाला, असं विचारणारे बरेच भेटतात. हे यंत्र वायरकट. पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार ठिणग्यांनी पोलाद कापते, आणि जो आकार कानशीने काढायला आठवडा गेला असता तो रातोरात काढून देते. मशीन चांगलंच आहे. त्याने फिटरची पाठ वाचवली.

पण डाय म्हणजे सुटी प्लेट नव्हे. वरून पत्रा कापणारा पंच आहे, खालची डाय प्लेट आहे, पत्रा पंचावरून सोडवणारा स्ट्रिपर आहे, चार पिलर, चार बुश, जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना, स्क्रू. प्रत्येक भाग आपापल्या मशीनवर झालेला, आणि पोलाद भट्टीत कडक करताना थोडं का होईना, हललेलं. एक मिलिमीटरचा साधा पत्रा कापायचा तर पंच आणि डायमध्ये दर बाजूला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवतात. ती चारही बाजूंनी सारखी पडली पाहिजे. ही जुळणी मशीन करत नाही. ती हाताने, डोळ्याने, कानाने होते.

(निळ्या रंगाचं बोट. सरफेस प्लेट.)

मेस्त्रींचं बोट निळं झालंय, ते ब्लूने, म्हणजे उंचवटे शोधायच्या निळ्या लेपाने. सरफेस प्लेट म्हणजे अगदी सपाट पाट, तिच्यावर ब्लूचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर जॉब हलकेच फिरवायचा. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा ब्लू, पुन्हा ठिपके. ठिपके वाढत जातात, दाट होत जातात. सगळीकडे सारखे उमटले की पृष्ठभाग बसला. मेस्त्रींनी अर्धा तास हेच केलं. आम्ही पूर्ण अर्धा तास चित्रित केलं.

आणि हा वर्तमानपत्राचा कागद. नवी डाय जुळली की प्रेसवर चढवण्याआधी मेस्त्री तिच्यात पत्रा घालत नाहीत, कागद घालतात. वरचा भाग हाताने खाली दाबतात. कागद चारही बाजूंनी स्वच्छ कापला गेला तर पंच मधोमध आहे. एखाद्या बाजूला फाटला, दुमडला, तंतू राहिले, तर त्या बाजूला मोकळीक जास्त. मग डॉवेल ढिले, हातोडीचा हलका ठोका, पुन्हा कागद.

(कागदातून सुटणारा गोल तुकडा. स्लो मोशन.)

हे नीट झालं नाही तर पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते, पंच तुटतो, माल परत येतो. अडकलेला पत्रा हाताने काढायला जाणाऱ्याची बोटं प्रेसखाली जातात.

(घड्याळ. चार वाजून चाळीस.)

मुलाचा जॉब. सकाळपासून त्याने मापायचा व्हर्नियर चारदा मागितला. जेवायला वीस मिनिटं. दुपारी एकदा खाचेचा कोपरा जास्त खाल्ला गेला. तो थांबला, जॉब वाइसमधून काढला, मेस्त्रींकडे घेऊन आला आणि स्वतः दाखवला. "इथं गेलं माझ्याकडनं." मेस्त्रींनी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "मिलिमीटरचे चार-पाच शतांश आसंल." मोजलं. सहा निघालं.

मेस्त्री नंतर आम्हाला म्हणाले, "मी चुकलो म्हणून येणारा गडी हवा. लपवणारा डायमधी लपवतो, आन् ते आपल्याला गिऱ्हाइकाकडनं कळतंय."

जॉब जुळवला. जीभ खाचेत गेली. अंगठ्याने दाबली तेव्हा गेली, ढकलावी लागली नाही. पलटली, पुन्हा गेली. ट्यूबलाइटकडे धरली. तीन बाजू काळ्या. चौथ्या बाजूला, त्या खाल्लेल्या कोपऱ्याशी, प्रकाशाची एक बारीक रेघ.

(ती रेघ. इथे निवेदन थांबेल. आठ सेकंद.)

मालकांनी आता ती पिशवी उघडली. सर्टिफिकेटं पाहिली, शेवटच्या ठिकाणचा पगार विचारला, आणि गडहिंग्लजहून रोज येणार की खोली घेणार ते विचारलं. तीन महिने प्रोबेशन, मग नेमणूक पत्र. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागतो, तो इथे आहे. पीएफ वीस माणसांवर सक्तीचा, तो मालक आपणहून भरतात. ठेकेदार मधे नाही. पगार मुलाच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी ठरला, सहा महिन्यांनी वाढवू असं बोलणं झालं.

आजवर या बेंचवर ट्रायलला आलेल्या बाकीच्यांपैकी बरेच जण आता हॉटेलात, डिलिव्हरीत, दुसऱ्या शहरात.

दिवसाची हजेरी पाकिटात घालून दिली. मुलाने मोजली नाही, खिशात घातली. फळी उचलून पुन्हा भंगारात नेऊन ठेवली. जमीन झाडली, कानशी ब्रशने साफ करून कपाटात लावल्या, रफ, सेकंड कट, स्मूथ अशा क्रमाने. वाइसचे जबडे मिटवले, दांडा खाली सोडला.

(सोमवार. शटर वर जातं.)

पाटी काढलेली आहे. शटरवर तिच्या दोन स्क्रूची भोकं दिसतात.

आठला पाच मिनिटं कमी. मुलगा आत येतो, बेंचपाशी जातो आणि थबकतो. वाइससमोर फळी आहे. तीच, पण आता खाली दोन पट्ट्या ठोकलेली, कडा घासून गोल केलेल्या. तो तिच्यावर उभा राहतो. हलत नाही.

तो कोपर वाकवतो.