शेतातून काढलेली वाट आणि वाहनचालकाचा दंड

(चोपडा येथे शेतकरी, वाहतूकदार आणि वाहनचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल ते थेट आपल्या चोपड्यापर्यंत केळीची कापणी जोरात असली की जे दृश्य दिसते, ते आपल्यापैकी कोणालाही नवीन नाही. माल भरलेला ट्रक गावातल्या गर्दीत अडकायला नको म्हणून कोणाच्या तरी मळ्याच्या बांधावरून निघतो, त्याच्या मागे दुसरा निघतो, आणि आठवड्याभरात त्या बांधाची वाट होऊन बसते. मग मळेवाला विचारतो की यांना दंड होत नाही का, आणि चालक विचारतो की मी कोणता गुन्हा केला. वकिलीच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की उत्तर आधीच सांगून टाकतो. केवळ जवळची वाट धरली म्हणून पोलिसांनी पावती फाडावी, असे कलम आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. परंतु त्या वाटेवर चालकाने काय केले, कोणाचे काय मोडले आणि त्याला आधी कोणी काय सांगितले होते, यावरून त्याला शिक्षाही होऊ शकते आणि भरपाईही द्यावी लागू शकते.

आपण ज्याला ‘खाजगी रस्ता’ म्हणतो, तो खरोखर खाजगी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. खानदेशातल्या निम्म्या भांडणांचे मूळ इथेच आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. गावनकाशावर तुटक दुबार रेषेने दाखवलेली गाडीवाट किंवा दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता कोणी नांगरून आपल्या शेतात मिळवला असला, तरी तो त्याचा होत नाही. तिथून जाणाऱ्याला अडवणाराच अडचणीत येतो, कारण शेतावर जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ ने तहसीलदाराला दिलेला आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि ही मुदत आपले लोक पंचांच्या बैठकांमध्ये घालवून बसतात. शहरातल्या कॉलन्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मंजूर लेआउटमधले रस्ते सहसा पुढे पालिकेकडे जातात, म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून फाटक बसवले, तेवढ्याने रस्ता खाजगी ठरत नाही. पाटाच्या कडेचा निरीक्षणाचा रस्ता कोणा शेतकऱ्याचा नसतो, पण तो सर्वांच्या रहदारीसाठी बांधलेलाही नसतो, हेही लक्षात ठेवावे.

आता रस्ता खरोखरच खाजगी आहे असे समजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात मालकी कोणाची हा प्रश्न नाही. लोकांना तिथे प्रवेशाचा हक्क आहे का, एवढाच प्रश्न आहे. जुन्या १९३९ च्या कायद्यातील तशाच व्याख्येचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फार रुंद भूमिका घेतली. जिथे लोकांना या ना त्या कारणाने जाता येते, मग तो प्रवेश हक्काचा असो की कोणाच्या नियंत्रणाखालचा असो, ती जागा सार्वजनिकच, असे त्या निकालाचे सार आहे. तो वाद विम्याचा आणि अपघाताच्या भरपाईचा होता, दंडाचा नव्हता. तरीही त्याचा व्यवहारातला परिणाम चालकांनी नीट समजून घ्यावा. जिनिंगच्या आवारात, बाजार समितीच्या यार्डात किंवा सगळे गाव वापरते अशा मळ्यातल्या वाटेवर परवाना आणि विमा लागत नाही, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. शिवाय धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचे कलम १८४ आणि दारू पिऊन चालवण्याचे कलम १८५ यांच्या शब्दांत सार्वजनिक जागेची अटच घातलेली नाही. आडवाटेला वळल्याने चालक कायद्याच्या बाहेर जात नाही.

इथे एक मजेशीर उदाहरण आठवते. चौकात सिग्नल लाल दिसला की कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपात शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडणारे मोटारसायकलवाले जळगावात आणि धुळ्यात रोज दिसतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या वाहतूक कायद्यात सिग्नल टाळण्यासाठी एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर असे निघून जाण्याला स्पष्ट मनाई केलेली आहे. इंग्लंडच्या कायद्यात, जो योगायोगाने १९८८ चाच आहे, रस्त्याचा भाग नसलेल्या जमिनीवर किंवा पायवाटेवर अधिकार नसताना मोटार घालणे हाच गुन्हा आहे. आपल्याकडे पंपातून निघून गेलेल्याने सिग्नल मोडला असे म्हणता येत नाही, कारण तो सिग्नलपाशी पोचलेलाच नसतो. ही उणीव भरून काढायला हवी, असे मला वाटते.

मोटार वाहन कायदा बाजूला ठेवला, तर उरतो प्रश्न जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचा. लोक पहिल्यांदा अतिक्रमण हा शब्द उच्चारतात, म्हणजे कायद्याच्या भाषेत फौजदारीपात्र अतिक्रमण. कलम ३२९ खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे म्हणजे हे अतिक्रमण नव्हे. गुन्हा करण्याच्या, किंवा ताबा असलेल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरावे लागते. जुन्या दंड संहितेतील याच शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आपल्या कृत्याने मालकाला त्रास होईल एवढी जाणीव असणे पुरेसे नाही, त्रास देणे हाच उद्देश असला पाहिजे. ट्रकवाल्याचा उद्देश तर चार किलोमीटर वाचवण्याचा असतो. म्हणून पोलीस ठाण्यात अशी तक्रार बहुतेक वेळा अदखलपात्र नोंदीवर थांबते, किंवा मागाहून न्यायालयात टिकत नाही.

अतिक्रमणाच्या मानाने त्याच्याबरोबर येणाऱ्या नुकसानीचे कलम चालकाला जड जाते, आणि याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष कमी असते. कलम ३२४ मधील ‘आगळीक’, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणे, हा गुन्हा पाहा. इथे हेतूचीच सक्ती नाही. आपल्या कृत्याने दुसऱ्याची गैरहानी होण्याचा संभव आहे हे माहीत असणेही पुरते. केळीच्या दोन ओळींमधून दहा चाकी गाडी नेणाऱ्याला खाली ठिबकच्या नळ्या आहेत हे कळत नव्हते, असे आपल्या जिल्ह्यात कोणते न्यायालय मान्य करील? नुकसान वीस हजार ते एक लाख रुपयांच्या दरम्यान असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याहून अधिक असेल तर शिक्षाही वाढते. म्हणून मळेवाल्यांना मी सांगत असतो की ‘माझ्या शेतात शिरला’ अशी तक्रार लिहू नका. किती नळी फुटली, किती खोडे आडवी झाली, ते त्याच दिवशी पंचनाम्यात मोजून लिहून घ्या.

मालकाच्या अधिकारांनाही हद्द आहे. स्वतःच्या वाटेवर साखळी लावणे, फाटक बसवणे, चर खणणे यात गैर काही नाही. गैररीत्या अडवण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे कलम १२६ ला, एक महत्त्वाचा अपवाद आहे. जी खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे एखाद्याला सद्‌भावनेने वाटते, ती अडवली तर तो गुन्हा होत नाही. पण रात्री दिसणार नाही अशी बारीक तार गळ्याच्या उंचीवर ताणणे वेगळे. त्यात कोणी जखमी झाला किंवा मेला, तर मळेवाला स्वतःच आरोपी होतो. तसेच गाडी अडवून ‘पाचशे दे, मग सोडतो’ म्हणणे हा दंड नव्हे. दंड करण्याचा अधिकार शासनाचा आहे. खाजगी माणसाने धाक घालून पैसे घेतले, तर त्याला कायद्यात खंडणीचे नाव आहे. गृहनिर्माण संस्थेने बाहेरच्या माणसाच्या गाडीला जॅमर लावून पैसे मागणेही याच रांगेत बसते.

शेतकऱ्यांच्या मनात एक भीती खोलवर असते, की वीस वर्षे लोक गेले तर वाट हातची गेली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये वीस वर्षांची मुदत आहे हे खरे. १८९१ पासून हा कायदा मुंबई इलाख्याला, म्हणजे खानदेशलाही लागू आहे. पण तो हक्क एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. पलीकडच्या शेताचा मालक उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्काने वीस वर्षे जात असेल, तर त्याला तो मागता येईल. वाटेने जाणाऱ्या ट्रकवाल्याची आसपास जमीनच नसते, त्यामुळे त्याने चाळीस वर्षे वाट वापरली तरी त्याला हा हक्क सांगता येत नाही. आणि परवानगीने जाणारा हक्काने जात नसतो. शेजाऱ्याला ‘जा बाबा, पण माझ्या परवानगीने’ असे कागदावर देणारा मळेवाला आपली वाट राखतो, आणि मुकाट्याने बघत राहणारा ती गमावण्याच्या मार्गावर असतो.

तापीकाठच्या एका मळ्याच्या तोंडाशी पत्र्यावर चुन्याने लिहिलेले मी पाहिले होते: ‘आठे रस्ता नही शे’, म्हणजे अहिराणीत ‘इथे रस्ता नाही’. त्या पत्र्याने कोणाला दंड होत नाही. पण तो वाचूनही जो जातो, आणि तोंडी सांगितल्यावरही जातच राहतो, त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावताना तोच पत्रा पुराव्याला येतो. एकदा मनाई हुकूम मिळाला, आणि ज्या वाहतूकदाराविरुद्ध तो मिळाला त्यानेच तो मोडला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ खाली मालमत्तेची जप्ती होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही ठेवता येते. म्हणून दावा लावताना चालकाचे नुसते नाव घालून भागत नाही, कारण पुढच्या हंगामात चालक बदलतो. गाडीच्या मालकालाही प्रतिवादी करावे लागते.