मारावी आणि बितुनी

नमस्कार मंडळी, आज दोन वाईन्सबद्दल बोलायचंय, दोन्ही इस्रायलच्या रेकानाती वायनरीच्या, व्हाईट आहे ती मारावी आणि रेड ती बितुनी. इस्रायलची वाईन म्हटलं की बाटलीवर बहुतेक कॅबरने नाहीतर मर्लो ही फ्रेंच द्राक्षांची नावं, कारण 1882 पासून फ्रान्समधल्या श्रीमंत ज्यू बॅरन रॉथशिल्डच्या पैशाने तिथे जे मळे उभे राहिले त्यात फ्रेंच वाण लावले गेले. पण वेस्ट बँकमधल्या बेथलेहेम-हेब्रॉनच्या डोंगरात पॅलेस्टिनी शेतकरी आपली जुनी द्राक्षं पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेत, खायला आणि रस आटवून काकवीसारखा पाक करायला. एरियल युनिव्हर्सिटीचे संशोधक शिवी ड्रोरी यांनी असल्या देशी वाणांचा शोध घेतला, डीएनए तपासले, आणि 2014 च्या द्राक्षांची मारावी बाटलीत आली, बितुनी त्यानंतर.

मारावी फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वासच येत नाही हो, म्हणून ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवला, मग नाक घातलं तर आधी लिंबाची साल, मग कच्चं नाशपाती, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना स्वच्छ आंबटपणा. ओक लाकडाच्या पिंपातून येणारा व्हॅनिलाचा वास शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, आणि मला तेच आवडलं. बितुनी तर इतकी पातळ रंगाची की पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की पलीकडची बोटं दिसतात. चेरीचा वास, तुरटपणा बेताचा. कॅबरनेच्या मापाने मोजलं तर हिला मार्क कमी पडतील, पण मग माप चुकलं असं मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र मनात रुतली. कोशर म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमाप्रमाणे द्राक्षं चिरडली की बाटली बंद होईपर्यंत वाईनला फक्त धर्म पाळणाऱ्या ज्यूंचे हात लागतात, म्हणजे ज्याने वेल वाढवली तो शेतकरी त्या पिंपाला हात लावू शकत नाही, आणि मारावीच्या वेळी तर त्याचं नावही जाहीर केलं नव्हतं. लेबलवर अरबी अक्षरं आहेत, ती मी बराच वेळ बघत बसलो.

आपल्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी वाईनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत असतं, मनुका भिजवून, कुस्करून, गाळून. बितुनीचा शेवटचा घोट घेताना मला त्याच सरबताची आठवण आली, गोड नाही, पण सालीची ती चव अगदी तीच. तुम्हाला बितुनीची बाटली मिळाली तर पिण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ती रूम टेंपरेचरला पिऊ नका, चेरी सगळी विरून जाते.